पावतीवर वीस लाख, खात्यात पावणेएकोणीस

पत्र

नमस्कार ताई,

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. वडिलोपार्जित वाटणीतून आलेले १० लाख रुपये मी २० नोव्हेंबर २०१५ रोजी एका बँकेत दहा वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवले. व्याजदर ७ टक्के, व्याज शेवटी एकदम. पावतीवर मुदतपूर्तीची रक्कम २०,०१,५९७ अशी छापलेली आहे. परवाच्या नोव्हेंबरमध्ये ठेव संपली आणि बचत खात्यात १८,७१,६३६ रुपये जमा झाले. म्हणजे १,२९,९६१ रुपये कमी. शाखेत विचारलं तर "सिस्टीम करते, सर" एवढंच उत्तर मिळालं. बँकेने माझे पैसे खाल्ले का? तक्रार कुठे करायची?

दुसरं म्हणजे, येत्या ३१ मेला मी निवृत्त होतोय. सध्या पगार वर्षाला साडेदहा लाखांच्या आसपास आहे, पेन्शन साडेपाच लाख बसेल. मिळालेले पैसे आणि निवृत्तीचे पैसे कुठे ठेवू? शाखेतली मुलगी म्हणते पाच वर्षांची टॅक्स सेव्हिंग एफडी करा. मेहुणे म्हणतात बायकोच्या नावावर टाका, कर लागणार नाही. गावातली पतसंस्था ९ टक्के देतेय. घरी पत्नी आणि ८१ वर्षांची आई आहे, दोघींना स्वतःचं उत्पन्न नाही.

– एक शिक्षक

उत्तर

गुरुजी, नमस्कार.

आधी एक काम करा, मग पुढचं वाचा. ते पावणेएकोणीस लाख अजून बचत खात्यातच असतील तर आजच्या आज तात्पुरते एक वर्षाच्या साध्या मुदत ठेवीत टाका. मोठ्या बँका सध्या बचत खात्यावर अडीच टक्क्यांच्या आसपास देतात आणि मुदत ठेवीवर सहा-साडेसहा. चार टक्क्यांचा फरक धरला तरी महिन्याला सहा हजारांवर रुपये जाताहेत. माझ्या उत्तराची वाट बघत दोन महिने गेले असतील, तर सव्वालाखाच्या तक्रारीपायी बारा हजार आणखी गेले. ठेव पुढे मोडायची वेळ आली तर थोडासा दंड बसेल, तो परवडतो.

आता तुमचे १,२९,९६१.

बँकेने ते खाल्लेले नाहीत. मी ३३ वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढली. बँकेच्या चुका झाकायची मला हौस नाही, झाकण्यासारखं असतं तेही मी झाकत नाही. पण इथे बँकेचा गुन्हा फक्त न सांगण्याचा आहे. पावतीवरचा २०,०१,५९७ हा आकडा टीडीएस (व्याज देतानाच बँक कापून सरकारात भरते ती रक्कम) कापला जाणार नाही असं गृहीत धरून छापलेला असतो. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात तशी एक ओळही असते. ती ओळ ग्राहकाला कुणी वाचून दाखवत नाही. मीही दाखवायची नाही. मार्चअखेरीला काउंटरसमोर रांग असायची, कोण बसणार वाचत!

झालं काय ते पहिल्या तिमाहीपासून बघू. बँका मुदत ठेवीवर दर तीन महिन्यांनी व्याज मोजतात. ७ टक्क्यांचे चार भाग केले की पावणेदोन टक्के. १० लाखांवर पहिल्या तीन महिन्यांचं व्याज झालं १७,५००. त्यातला दहावा हिस्सा, १,७५० रुपये, बँकेने कापून तुमच्या पॅनवर सरकारात भरला. ठेवीत मिळवले गेले १५,७५०. दुसऱ्या तिमाहीचं व्याज १०,१७,५०० ऐवजी १०,१५,७५० वर मोजलं गेलं. त्यामुळे व्याजही ३० रुपये आणि काही पैशांनी कमी. तीस रुपये म्हणजे चहाचे पैसे, पण अशा चाळीस तिमाह्या गेल्या आणि दर वेळी कापलेल्या रकमेवरचं पुढचं सगळं चक्रवाढ व्याज बुडत गेलं.

तुमचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला, तर माझं उत्तर आलं १८,६८,४१५. तुम्हाला मिळाले ३,२२१ जास्त. थोडा वेळ डोकं खाजवलं. मग आठवलं, कोविडच्या वर्षी सरकारने टीडीएसचा दर १० वरून साडेसात टक्के केला होता, १४ मे २०२० ते ३१ मार्च २०२१. तुमचं तिमाही व्याज २० तारखेला पडायचं, म्हणजे मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी असे चार हप्ते त्या सवलतीत आले. ते चार साडेसात टक्क्यांनी धरले आणि आकडा रुपयाला रुपया जुळला. सिस्टीमने काम चोख केलंय. सांगायला माणूस नव्हता, एवढंच.

तर त्या १,२९,९६१ पैकी साधारण ९४,२५० रुपये म्हणजे दहा वर्षांत कापलेला टीडीएस. तो तुमच्या पॅनवर जमा आहे. उरलेले सुमारे ३५,७०० हे त्या कापलेल्या पैशावर मिळालं असतं ते व्याज. ते कुणाच्याच खिशात गेलेलं नाही, कारण ते तयारच झालं नाही.

आता तुम्हाला न आवडणारा प्रश्न. या दहा वर्षांत हे व्याज तुम्ही विवरणपत्रात दाखवलंत का?

विचारण्याचं कारण असं की शिक्षकांची विवरणपत्रं मी खूप पाहिली आहेत. शाळेकडून फॉर्म १६ येतो, त्यात फक्त पगार असतो. तालुक्याच्या गावात कुणीतरी दोनशे-तीनशे रुपयांत सगळ्यांची रिटर्न एका बैठकीत भरून देतो, फॉर्म १६ वरचे आकडे जसेच्या तसे टाकून. बँकेचं व्याज विचारतच नाही. आणि गुरुजींनाही वाटतं, व्याज तर दहा वर्षांनी मिळणार, आत्ता काय दाखवायचं? शिवाय बँकेने कर कापलाय ना, मग झालं की.

इथेच दोन गैरसमज एकात एक अडकलेत. टीडीएस हा तुमचा पूर्ण कर नव्हे, ती फक्त आगाऊ उचल आहे. व्याज तुमच्या पगारात मिळवून ज्या टप्प्यात बसेल त्या दराने कर लागतो. तुम्ही जुन्या करपद्धतीत २० टक्क्यांच्या टप्प्यात होतात असं धरू. उपकर धरून २०.८ टक्के. दहा वर्षांत टीडीएसपूर्वीचं तुमचं एकूण व्याज होतं सुमारे ९ लाख ६६ हजार. त्यावर कर बसतो दोन लाखांच्या थोडा वर. बँकेने कापले ९४ हजार. म्हणजे एक लाख सहा-सात हजार तुम्ही स्वतः वर्षावर्षाला भरायला हवे होते. भरले असतील तर उत्तम, पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.

नसतील तर घाबरू नका, पण झोपूही नका. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर तुमच्या पॅनने लॉगिन करून २६-एएस आणि एआयएस हे दोन तक्ते काढा. बँकेने दर वर्षी किती व्याज कळवलं आणि किती कर कापला, ते तिथे दिसतं. तुम्हाला दिसतं म्हणजे प्राप्तिकर खात्यालाही दिसतं. मागच्या वर्षांची दुरुस्ती अद्ययावत विवरणपत्र भरून करता येते. ही मुभा आता कर निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं आर्थिक वर्ष) संपल्यापासून ४ वर्षांपर्यंत आहे. मात्र राहिलेला कर आणि त्यावरचं व्याज, यांच्या बेरजेवर जादा आकार पडतो: पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७०. दर ३१ मार्चला ही पायरी एकेक चढते. म्हणून येत्या ३१ मार्चच्या आत एखाद्या सनदी लेखापालाकडे जा, त्या दोनशे-तीनशेवाल्याकडे नको. अद्ययावत विवरणपत्रातून परतावा मागता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

तुमचा सीए कदाचित दुसरी वाट सुचवेल. व्याज जेव्हा हातात पडलं तेव्हाच ते उत्पन्न, म्हणून सगळं याच वर्षी दाखवायचं. कायद्याला ही पद्धत मान्य आहे, पण ती वर्षानुवर्षं सातत्याने पाळलेली असावी लागते. आणि मागच्या नऊ-दहा वर्षांच्या टीडीएसचं श्रेय आज एकदम मागणं ही कटकट आहे. शिवाय साडेदहा लाख पगारात साडेनऊ लाखांच्या वर व्याज मिळवलं की नव्या पद्धतीतही कर जवळपास १ लाख ९५ हजार होतो. मला स्वतःला ही वाट आवडत नाही. पण तुमची जुनी विवरणपत्रं माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे सीएकडून दोन्ही हिशेब मांडून घ्या आणि मग ठरवा.

यंदाचं मात्र सोपं आहे. २०२५-२६ मध्ये तुमच्या ठेवीवर मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर मिळून सुमारे ९५ हजार व्याज पडलं. पगार साडेदहा लाख, त्यात हे मिळवा, बचत खात्याचं थोडंफार व्याज मिळवा आणि ७५ हजारांची प्रमाणित वजावट काढा. बेरीज ११ लाखांच्या आतच राहते. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्य होतो. म्हणजे यंदा कापलेले साडेनऊ हजार तुम्हाला परत मिळतील, पण जुलैअखेरपर्यंत विवरणपत्र वेळेत आणि व्याजासकट भरलंत तर. शाळेने तुमचा पगार अजून जुन्या पद्धतीने धरलेला असला तरी विवरणपत्र भरताना नवी पद्धत निवडता येते.

आणि यातूनच शाखेतल्या मुलीच्या टॅक्स सेव्हिंग एफडीचं उत्तर निघतं. ती ठेव प्राप्तिकराच्या ८०-सी कलमाखाली दीड लाखांपर्यंत वजावट देते, पण फक्त जुन्या पद्धतीत. नव्या पद्धतीत ८०-सी नाहीच. वजावट मिळणार नाही, पाच वर्षं पैसे मोडता येणार नाहीत, त्यावर उचल मिळणार नाही, आणि व्याज तर तसंही करपात्रच! नुसतं कुलूप, आत काही नाही. त्या मुलीवर रागावू नका. मार्च जवळ आला की तिला वरून आकडा दिलेला असतो, आम्हालाही असायचा.

आकड्यावरून आठवलं. "दहा वर्षांत दुप्पट, वार्षिक उत्पन्न १०.०१ टक्के" अशी पाटी मी स्वतः शाखेच्या फळ्यावर खडूने लिहिली आहे. ७ टक्क्यांची ठेव १०.०१ कशी होते? दहा वर्षांचं सगळं चक्रवाढ व्याज घ्यायचं आणि त्याला सरळ दहाने भागायचं. खोटं नाही, पण खरंही नाही. तिमाही चक्रवाढ धरून ७ टक्क्यांचा खरा वार्षिक दर पडतो ७.१९. त्यातून २०.८ टक्के कर गेला की उरतात ५.७ टक्के. तुमच्या दहा वर्षांच्या ठेवीने तुम्हाला खरोखर दिलेलं एवढंच, जर कर पूर्ण भरला असेल तर. महागाईपुढे ते थोडंसंच पुढे राहतं. लांब मुदतीच्या ठेवीला मी वाईट म्हणत नाही. पगार चालू असताना तिच्यावर जास्त भिस्त ठेवू नये एवढंच म्हणते.

तुमच्यासाठी मात्र १ जूनपासून चित्र उलटतं. (३१ मेला निवृत्ती, म्हणजे जन्मतारीख बहुधा १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनीच लावलेली असणार!) पेन्शन साडेपाच लाख. त्यात दोन-चार लाख व्याज आलं तरी आजच्या दरांनी तुम्ही १२ लाखांच्या बरेच आत. म्हणजे करच नाही. कर वाचवायच्या युक्त्यांची तुम्हाला आता गरज नाही. आता बघायचं ते दर, सुरक्षितता आणि वय.

मेहुण्यांचा सल्ला म्हणूनच गैरलागू आहे, आणि तसाही तो चुकीचाच होता. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशावरचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. त्या व्याजाचं पुढे व्याज झालं तर ते तिचं. ठेवीत तिचं नाव दुसरं लावा, ती तुमच्या माघारी धावपळ वाचवण्यासाठी. कर वाचवण्यासाठी नव्हे.

आईंच्या नावावर पैसे ठेवले तर तसं होत नाही. आईला दिलेल्या भेटीवर कर नाही, व्याज तुमच्यात मिळवलं जात नाही, तिला ज्येष्ठ नागरिकाचा जादा दर मिळतो आणि १५-एच हा अर्ज बँकेत दिला की टीडीएसही कापला जात नाही. अनेक जण असं करतात. पण दिले म्हणजे दिले. उद्या आईंच्या माघारी, मृत्युपत्र नसेल तर, ते पैसे तुमच्या भावा-बहिणींतही वाटले जातील, आणि ते योग्यच आहे. नॉमिनी म्हणून तुमचं नाव असलं तरी नॉमिनी हा वारस नसतो, त्याने पैसे घेऊन वारसांना द्यायचे असतात. अर्ध्या टक्क्यासाठी, म्हणजे पाच लाखांवर वर्षाला अडीच हजारांसाठी, भावकीत तोंड वाकडं करून घ्यायचं का, ते तुम्ही ठरवा. मी नाही करणार.

वयाचं म्हणाल तर तुम्ही आत्ता ५७ चे, ज्येष्ठ व्हाल १ जून २०२८ ला. बँका साठीनंतर बहुधा अर्धा टक्का जादा देतात, पण तो नव्या ठेवीला. आज दहा वर्षांसाठी पैसे बांधलेत आणि दोन वर्षांनी साठ पूर्ण झाले, तर चालू ठेवीचा दर आपोआप वाढत नाही. शाखेत विनवण्या करणारे लोक मी पाहिलेत: "मॅडम, काल साठ झालो, आता वाढवा ना." नाही वाढवता येत. ठेव मोडून नवी करायची तर दंड, आणि जितके दिवस झाले तितक्या दिवसांचा जुना दर.

उलट बाजूही आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) चार वेळा मिळून सव्वा टक्क्याने खाली आणला, फेब्रुवारीत साडेसहा होता तो डिसेंबरमध्ये सव्वापाच झाला. ठेवींचे दर त्यामागोमाग उतरले. आणखी उतरतील म्हणून आत्ताच लांब बांधा, असं सांगणारे भेटतील. दर कुठे जातील हे मला ३३ वर्षांत कधी ओळखता आलं नाही. म्हणून मी पैसे तोडून ठेवते.

तुमच्या बाबतीत तर बँकेच्या आधी पोस्टाचं नाव घेईन. ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या ८.२ टक्के देते, पाच वर्षांसाठी, व्याज दर तिमाहीला हातात. नावात ज्येष्ठ असलं तरी ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्यांनाही ती खुली आहे. अट अशी की निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं, आणि मिळालेल्या त्या रकमेपेक्षा जास्त टाकायचे नाहीत. कमाल मर्यादा ३० लाख. पूर्ण ३० लाख टाकलेत तर दर तीन महिन्यांना ६१,५०० रुपये. बँकेची दहा वर्षांची ठेव आज याच्या जवळपासही येत नाही. व्याज करपात्र आहे, पण तुमची सगळी बेरीज १२ लाखांच्या आत असल्याने फरक पडत नाही. ते तीन महिने हुकवू नका. ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विक्रीची (पेन्शनच्या काही भागाऐवजी एकदम मिळणारी) रक्कम वेगवेगळ्या महिन्यांत येते, प्रत्येकाचं पत्र आणि तारीख एका फाइलमध्ये ठेवा. ही योजना काही बँकांतही मिळते, पण शाखेत "आमच्याकडे नाही" म्हणाले तर वाद घालत बसू नका, पोस्टात जा.

हातातल्या पावणेएकोणीस लाखांची मात्र बँकेतच ठेव करा, एका पावतीची नको. चार-पाच पावत्या करा. दोन पावत्या एक वर्षाच्या, बाकीच्या अशा मुदतीच्या की जून २०२८ नंतर लगेच संपाव्यात, म्हणजे पुढची ठेव ज्येष्ठ दराने लांब मुदतीची करता येईल. मध्येच घराचं काम निघालं किंवा दवाखाना निघाला तर एकच पावती मोडेल, सगळी रक्कम नाही. चार दिवसांची नड असेल तर मोडूही नका, पावतीवर उचल घ्या. आणि पूर्वी काही हुशार लोक एकाच बँकेच्या तीन शाखांत ठेवी करून टीडीएसची मर्यादा चुकवायचे, त्यांच्यासारखं करायला जाऊ नका. जून २०१५ पासून संपूर्ण बँकेतलं व्याज एकत्र मोजतात. आजची मर्यादा एका बँकेत वर्षाला ५० हजार व्याजाची आहे, ज्येष्ठांसाठी १ लाखाची. साठीपर्यंत टीडीएस कापला गेला तर कापू द्या, विवरणपत्र भरून परत घ्या. साठीनंतर एप्रिल महिन्यात प्रत्येक बँकेत १५-एच देत जा. सवलतीमुळे कर शून्य येत असेल तरी तो देता येतो.

१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होतोय, त्यात कलमांचे क्रमांक आणि अर्जांची नावं बदलतात. काउंटरवर "१५-एचसारखा जो असेल तो" म्हणा, बरोबर समजेल. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, तेही नव्या पावत्या करताना पाहून घ्या.

राहिली पतसंस्था.

बँकेत, मग ती सहकारी असली तरी, ठेवीला विमा असतो. एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. फेब्रुवारी २०२० च्या आधी तो १ लाखच होता. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. ९ टक्क्यांतले वरचे अडीच टक्के हे त्या जोखमीचे आहेत, संचालकांच्या प्रेमाचे नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला एका खात्यातून सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची परवानगी होती. आणि ती तर रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची विमा असलेली बँक होती. पतसंस्थेचा चेअरमन तुमचा विद्यार्थी असेल, नातं जपायचं असेल, तर बुडाले तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम ठेवा. सहकारी बँकेत ठेवायचे असतील तर चार लाखांच्या वर जाऊ नका, म्हणजे व्याज धरूनही पाचच्या आत राहाल. मोठ्या राष्ट्रीयीकृत बँकेत मी स्वतः पाच लाखांची ही रेघ फार काटेकोरपणे पाळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

तक्रार कुठे करायची असं विचारलंत. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ नका, तिथे तुमची बाजू टिकणार नाही. पण शाखेकडून एक गोष्ट तुमची येणं आहे. साध्या कागदावर अर्ज लिहा: ठेव क्रमांक अमुक, २०१५-१६ पासून २०२५-२६ पर्यंत प्रत्येक वर्षी जमा झालेलं व्याज आणि कापलेला टीडीएस यांचं वर्षवार प्रमाणपत्र द्यावं. सीएला हाच कागद आधी लागेल. शाखाधिकारी म्हणतील जुनी वर्षं निघत नाहीत. निघतात, थोडं खालीवर करून शोधावं लागतं. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का मारून पोच घ्या.